मोंबासाचा हत्ती

लूप, म्हणजे आमचं भिंग, डोळ्याला लावायच्या आधी मी बोललो. सव्वीस वर्षं हे काम करतोय. काउंटरवर दगडाचं नाव घ्यायचं नाही, हे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावतो, आणि त्या सोमवारी मीच घेतलं.

आमची रत्नं तपासायची लॅब पुण्यात, पेठेत. रोज येतात ते राशीचे खडे. पुष्कराज, नीलम, पोवळं. ज्योतिषाने सांगितलेले, सराफाने दिलेले आणि घरी गेल्यावर शंका आलेले. लोक विचारतात, "खरा आहे ना?" त्यांना विचारायचं असतं, "फसलो का?" दिवसभर तेच. त्यामुळे कुणी टॉवेलात गुंडाळून कोरीव हत्ती आणला की हात शिवशिवतात.

साठीचे गृहस्थ. हत्ती मुठीपेक्षा थोडा मोठा, हिरवागार, आणि अंगभर लालजांभळे ठिपके. त्यांचे वडील केनयात रेल्वेत होते. कामाच्या परवान्यांचे घोळ सुरू झाले तेव्हा, १९६८ साली, चंबूगबाळं आवरून परत आले, आणि बोटीत चढायच्या आधी मोंबासाला हा हत्ती घेतला. आता वडलांची नव्वदी आहे. हत्ती काचेच्या पेटीत ठेवायचा आणि शेजारी आमचा रिपोर्ट फ्रेम करून लावायचा, असा बेत.

हिरव्यात लाल, वर आफ्रिका. मी म्हणून गेलो, "रूबी-झॉइसाइट दिसतोय, म्हणजे झॉइसाइट नावाच्या हिरव्या खनिजात माणिक. टांझानियात लोंगिदोला निघतो, केनयाच्या सरहद्दीजवळ." गृहस्थांनी तिथेच फोन लावून स्पीकरवर टाकला. "बाबा, ते म्हणतायत टांझानियाचा! आणि त्यातलं लाल ते माणिक आहे!" पलीकडून एक खणखणीत आवाज आला, "मग मी काय सांगत होतो?"

ते गेल्यावर हत्ती नीट हातात घेतला. पाठीवरून अंगठा फिरवला आणि मनात चर्र झालं. प्रत्येक लाल ठिपका अंगठ्याला लागत होता, उन्हाळ्यात अंगावर उठलेल्या घामोळ्यासारखा. माणिक कडक आणि भोवतालचं हिरवं मऊ असेल, तर पॉलिश करताना हिरवं खाली बसतं आणि माणिक वर राहतं. झॉइसाइट इतका मऊ नसतो. शिवाय लोंगिदोच्या दगडात हॉर्नब्लेंड नावाच्या काळ्या खनिजाचे डाग असतात, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे. ह्या हत्तीवर काळा ठिपका औषधालाही नव्हता.

आमच्या ज्युनिअरला रामन मशीनची भारी हौस. लेसर टाकला की स्क्रीनवर खनिजाचं नाव, विषय संपला. पण हत्ती सोंडेसकट आत जाईना, आणि झाकण लागल्याशिवाय लेसर सुरू होत नाही. तिने उभा, आडवा, उलटा, सगळा घालून पाहिला. "सर, सोंड वर नसती तर बसला असता." लाखांचं यंत्र, आणि सोंडेवर अडलं. माझा जीव सुखावला, हे कबूल करतो. ह्या पिढीने पाण्यातलं वजन परीक्षेपुरतंच केलेलं असतं.

मोठा काटा दोन स्टुलांवर ठेवला. त्याच्या पोटाखालच्या हुकाला नायलॉनचा धागा, धाग्याला हत्ती, खाली स्टीलचं पातेलं. पाणी उकळून गार केलेलं हवं, नाहीतर त्यातली हवा बुडबुडे होऊन दगडाला चिकटते आणि आकडा कमी येतो. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब. हत्तीचे अवघड भाग म्हणजे चार पायांमधली पोकळी आणि सोंडेची खालची बाजू. तिथले बुडबुडे रंगाच्या मऊ ब्रशने एकेक करून काढावे लागतात. हवेत वजन ३८६.४ ग्रॅम, पाण्यात २५४.०. फरक १३२.४. हवेतल्या वजनाला ह्या फरकाने भागलं की दगड पाण्याच्या किती पट जड ते कळतं: २.९२.

बुडबुडा राहिला असेल म्हणून पुन्हा बुडवला. पुन्हा २.९२. तिसऱ्यांदा ज्युनिअरकडून करवून घेतलं, तरी तेच. झॉइसाइट असता तर आकडा ३.३ च्या आसपास हवा होता. इतका मोठा बुडबुडा हत्तीच्या पोटाखाली लपत नाही.

मग वक्रीभवनांक, म्हणजे दगडात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा. सपाट जागा शोधताना हत्तीचं ढुंगणच बरं वाटलं. रिफ्रॅक्टोमीटरवर द्रवाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब ठेवायचा, त्यावर हत्ती टेकवायचा, आणि डोळा फूटभर लांब नेऊन मान खालीवर करत तो थेंब अर्धा काळा, अर्धा उजळ कुठे होतो ते पाहायचं. १.५९ च्या जवळ. झॉइसाइटचा १.६९ ला येतो. मऊ दगडाचं पॉलिश फिकं असतं म्हणून सीमा धूसर होती, पण एवढ्या फरकाला धूसरपणा पुरत नाही.

आता लूप. दहापट मोठं केल्यावर हिरवा भाग पापुद्र्यापापुद्र्याचा, माशाच्या खवल्यासारखा चमकणारा. अभ्रक. क्रोमियमने हिरवा झालेला, म्हणजे फुक्साइट. आणि डाव्या कुशीवरच्या एका मोठ्या माणकाचा आडवा छेद चांगला षटकोनी, त्याच्याभोवती निळसर कड. काजळ घातलेल्या डोळ्यासारखी, पण निळी. ती कायनाइट ह्या निळ्या खनिजाची. हिरवं अभ्रक, लाल माणिक, मधे निळी कड, ही आपल्या कर्नाटकातल्या, म्हैसूरकडच्या दगडाची ओळख. जयपूरचे कारागीर ह्याचे हत्ती, कासवं, गणपती कोरतात.

ज्युनिअर लगेच म्हणाली, "सर, कान बघा ना! आफ्रिकन हत्तीचे कान सुपाएवढे असतात. ह्याचे बारके. पाठही कमानदार. भारतीयच."

पोरीची नजर चांगली आहे. पण कानावरून निकाल देता येत नाही, हे तिला सांगितलं. अभ्रकाचा दगड पातळ कोरला की पापुद्रे सुटतात, म्हणून शहाणा कारागीर कान अंगाला चिकटूनच ठेवणार, मग हत्ती कुठलाही असो. आणि झिंबाब्वेतही माणकासकट फुक्साइट सापडतो. म्हणजे आफ्रिका अगदीच बाद होत नाही. पण ती निळी कड मला कर्नाटकाकडेच ओढत होती, आणि अजूनही ओढते.

उगम हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महागडा शब्द. काश्मीरचा नीलम म्हटलं की भाव कुठच्या कुठे जातो. आम्ही कुठल्याच रिपोर्टवर उगम लिहीत नाही, तो रकाना कोराच असतो. रिपोर्टवर 'कदाचित' लिहायची सोय नाही, आणि तोंडाने मात्र आपण सर्रास बोलून जातो.

संध्याकाळी गृहस्थ आले ते पितळी पाटीचा नमुना घेऊन. 'माणिक-हत्ती, लोंगिदो, टांझानिया.' पेठेतच ऑर्डर देऊन आले होते, ॲडव्हान्ससकट. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं. दुपारी मी बघायच्या आधी बोललो, चुकलं. माणिक खरं आहे, दगड नैसर्गिक आहे, पण हा झॉइसाइट नाही, आणि मला विचाराल तर कर्नाटकातला आहे.

ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रिपोर्टवर फक्त 'आफ्रिका' लिहिता नाही का येणार?" ते शक्य नव्हतं. पाटीचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. घेतले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या फोनवर तोच खणखणीत आवाज. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी अर्ध्यातच तोडलं.

"अहो, तो दुकानदार कच्छी होता. भुजचा. भाव गुजरातीत केला होता मी. त्याने माल कुठून आणला ते मी कशाला विचारतोय? मी मोंबासाला घेतला, एवढंच सांगत आलो. टांझानिया तुम्ही काढलंत."

मला काही बोलताच येईना.

"आणि एक गेंडा आहे माझ्याकडे. काळा. तोही तिथलाच. पाठवू का मुलाबरोबर?"

पाठवा म्हणालो. अजून आलेला नाही. काटा मी त्या दोन स्टुलांवरून उतरवलेला नाही.