आमची वाटचाल: पट्टे शिवता शिवता भरलेला श्वानमेळावा

कुत्र्यांचे गळ्यातले पट्टे आणि हार्नेस, म्हणजे छाती-खांद्यांभोवती बांधायचे पट्टे, शिवणं हा आमचा व्यवसाय. मी कापते, धाकटी बहीण शिवते आणि मदतीला दोघीजणी आहेत. तयार माल टांगून विकायचा नाही, कुत्र्याचं माप घेऊनच शिवायचं, हे पहिल्या दिवसापासून पक्कं. मानेच्या बुडाशी एक माप, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर हे दुसरं. शिवून झाल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत आणि खांदा मोकळा हलला पाहिजे.

माप घ्यायला टेप लागते, पण त्याहून जास्त वेळ लागतो. नवख्या जागी आलेलं जनावर आधी सगळं हुंगणार, कोपरे तपासणार, मालकाच्या पायामागे जाऊन उभं राहणार. ते मोकळं झाल्याशिवाय आम्ही टेप हातात घेत नाही. त्यामुळे मागचे लोक थांबून राहतात, आणि थांबलेली माणसं बोलायला लागतात. आमच्या बाकावर मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट पाहत आले. दोघं एकाच रस्त्याने रोज फिरायला जातात, पण एकमेकांना ओळखतात ते ‘टायगरची आई’ आणि ‘ब्रूनोचे बाबा’ म्हणून. कुणाचं पिल्लू रात्रभर रडतं, कुणाचा कुत्रा दुसरा कुत्रा दिसला की पिसाळल्यासारखा भुंकतो, म्हणून ते बिचारे पहाटे कुणी नसताना फिरवून आणतात. प्रत्येकाला वाटतं, हे आपल्याच घरी होतंय.

एकदा एक काकू म्हणाल्या, “अगं, तू आम्हाला सगळ्यांना एकदा एकत्र बोलाव ना. माझा येईल की नाही माहीत नाही, पण मी नक्की येईन.” काकूंचं हे वाक्य मी पुढे प्रत्येक नियोजनाच्या बैठकीत बहिणीला ऐकवत आले. कारण ज्याचा कुत्रा गर्दीत रमतो तो माणूस कुठेही जाऊ शकतो. मेळावा भरवायचा तर तो त्या काकूंसाठी आणि त्यांच्या भित्र्या कुत्र्यासाठी भरवायचा. तो निवांत घरी गेला, तर बाकीच्यांची काळजी करावी लागत नाही.

जागा निवडतानाही हाच विचार. मैदान मोठं असण्यापेक्षा कुंपण धड असणं महत्त्वाचं, आणि फाटकं दोन हवीत: बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. झाडांची दाट सावली हवी. लेखी परवानगी, जवळच्या पशुवैद्यांचा फोन मोठ्या अक्षरात फलकावर, प्रथमोपचाराची पेटी, शी उचलायच्या पिशव्या आणि झाकणाचे डबे, ही तयारी कुठल्याही कार्यक्रमाला लागते तशी.

वेळ मात्र आम्ही कधीच सोयीने ठरवत नाही. माणसांना संध्याकाळ आवडते, पण दिवसभर तापलेली जमीन तेव्हाही गरम असते. म्हणून सकाळ, तीही लवकरची, आणि जास्तीत जास्त दोन तास. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्याची उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर पडते. त्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, आणि ते ४१च्या वर गेलं की जिवावरचा प्रसंग. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर धापही नीट टाकता येत नाही. सुरू करण्याआधी आमच्यातली एकजण तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून पाहते. हाताला सोसवत नसेल तर पंजांनाही सोसवणार नाही, मग जागा बदलायची. आणि कुणाला ऊन लागलंच, तर पळापळ करण्याआधी गार पाण्याने भिजवायचं, वारा घालायचा आणि मग दवाखाना गाठायचा. हा क्रम आम्ही प्रत्येक स्वयंसेवकाकडून तोंडपाठ करून घेतो.

सगळ्यात जास्त डोकं आम्ही पिल्लांच्या प्रश्नावर खर्च केलं. पार्व्हो हा उलट्या-जुलाबांनी पिल्लांचा जीव घेणारा रोग. त्याचा विषाणू १९७८मध्ये ओळखला गेला, आणि तो इतका चिवट की मातीत महिनोन् महिने टिकतो. पिल्लाच्या लसींचा शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडतो. म्हणजे तोवर अनोळखी मातीत पाय ठेवू नये, हे खरं. पण पिल्लाचं मन जगाशी ओळख करून घेतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. त्या काळात माणसं, आवाज, दुसरी जनावरं भेटली नाहीत तर पुढे तेच पिल्लू सावलीला दचकतं. एका दरवाजातून रोग येतो म्हणून तो लावला, तर दुसरीकडून भीती शिरते. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८मध्ये याबाबत स्पष्ट भूमिका घेतली: पिल्लांचे वर्ग सात-आठ आठवड्यांपासून सुरू करता येतात, फक्त पहिली लस किमान सात दिवस आधी झालेली हवी आणि जागा स्वच्छ हवी.

आम्ही आमच्या पशुवैद्यांबरोबर बसलो आणि पिल्लांचा कोपरा मैदानापासून पूर्ण वेगळा काढला. छताखालची जागा, आदल्या दिवशी जंतुनाशकाने धुतलेली फरशी, चपला बाहेर, मोठ्या कुत्र्यांना मज्जाव, आणि लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय कुणालाच प्रवेश नाही. त्या फरशीवर आम्ही कुरकुरणारा कागद, रबरी पायपुसणी, उलटं ठेवलेलं घमेलं, छत्री, काठी, टोपी अशा वस्तू मांडून ठेवतो. पिल्लू छत्री उघडताना पाहतं, दोन पावलं मागे सरतं, मालकीण एक दाणा खाऊ देते, पिल्लू एक पाऊल पुढे येतं. कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही. मला विचाराल तर सबंध मेळाव्यातली सगळ्यात मोलाची अर्धी घटका ती.

मोठ्या कुत्र्यांसाठी प्रवेश टप्प्याटप्प्याने. नोंदणी करतानाच प्रत्येकाला वेगवेगळी वेळ दिलेली असते. सगळे एकदम फाटकाशी आले की पट्टे ताणले जातात, कुत्री समोरासमोर येतात आणि नजरेला नजर भिडते. कुत्र्यांच्या रीतीत हे उद्धटपणाचं. आपापल्या मर्जीने भेटतात तेव्हा ती वळसा घालून, बाजूने येतात आणि मागून हुंगतात. म्हणून आत आल्यावर पहिलं काम म्हणजे कुंपणाच्या कडेने एक सावकाश फेरी, पुढच्या जोडीपासून अंतर राखून. पट्टा दीड-दोन मीटरचा, साधा. लांब सुटणारे, आपोआप गुंडाळले जाणारे पट्टे आम्ही दारातच बदलून देतो. शिवलेल्या पट्ट्यांची पेटी तिथे ठेवलेलीच असते, जाताना परत करायचे.

दारातच पिवळी फीतही मिळते. पट्ट्याला पिवळी फीत म्हणजे ‘मला थोडी जागा द्या’. २०१२च्या सुमारास स्वीडनमधून ही कल्पना पुढे आली आणि बऱ्याच देशांत रुजली. कारण कुणी विचारत नाही. कुत्रा भित्रा असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, म्हातारा असेल, नाहीतर फक्त आजचा दिवस त्याचा नसेल.

त्या काकू आल्या तेव्हा त्यांनी फीत घेतली, पण त्यांचा कुत्रा आत पाऊल टाकेना. तो फाटकाबाहेरच बसला होता, कान मागे, शेपूट पोटाखाली, सारखा ओठ चाटत आणि जांभया देत. झोप आल्याची ती जांभई नव्हती. नॉर्वेच्या प्रशिक्षक ट्युरिड रुगास यांनी जगभरच्या मालकांना ज्या खुणा वाचायला शिकवलं, त्यांतलीच ही: मला अवघड वाटतंय, जरा दमानं घ्या. बहिणीने आमची शांत, वयस्क कुत्री घेतली आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर, त्यांच्याकडे न बघता, कुंपणाच्या बाहेरून चालायला लागली. “काकू, तुम्हीही चला. बोलायचं नाही, थांबायचं नाही.” समांतर, एकाच दिशेने, दोघींमध्ये अख्खा रस्ता मोकळा. एका फेरीत कुत्र्याचं शेपूट सुटलं. दुसऱ्या फेरीत त्याने गवतात नाक घातलं. तिसऱ्यात काकूंचा पट्टा सैल झाला, आणि त्या मला म्हणाल्या, “आत नाही गेलो तरी चालेल ना गं?” मी म्हटलं, “काकू, हाच मेळावा.” त्यानंतर कुंपणाबाहेरची ती वाट आम्ही नियोजनात कायमची धरली, तिथेही पाणी आणि सावली असते.

खेळ निवडताना कान आणि नाक दोन्हींचा विचार करावा लागतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,०००च्या आसपासपर्यंत. म्हणून ध्वनिक्षेपक नाही, शिट्ट्या नाहीत, फुगे तर नाहीतच. नाकाची गोष्ट याहून थोर. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात काही जातींमध्ये तीस कोटींपर्यंत. म्हणून आमचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे गवतात विखुरलेला खाऊ शोधणं, एका वेळी एकच कुत्रा. पळवण्यापेक्षा हुंगण्याने तो जास्त दमतो आणि दमल्यावर शांत होतो. दुसरा खेळ म्हणजे गाणं थांबलं की कुत्र्याने बसायचं. यात हसून हसून माणसांचीच पुरेवाट होते.

देखणेपणाची स्पर्धा आम्ही ठेवत नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला १८५९मध्ये पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून जाती तोलायला जगात ठिकाणं भरपूर आहेत. आमची शाबासकी मालकाशी सूर जुळलेल्या जोडीला, आणि दत्तक घेतलेल्या, तीन पायांच्या, एका डोळ्याच्या कुत्र्यांनाही ती तितक्याच हक्काने मिळते.

माणसांचं खाणं कुंपणाबाहेर. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं खाणं हे सगळं कुत्र्याला विषासमान, आणि खाली पडलेला घास कोण आधी उचलेल सांगता येत नाही. हाडं आणि आवडती खेळणीही घरी ठेवायची, भांडणं बहुतेक त्यांवरूनच पेटतात. स्वयंसेवकांना आम्ही खेळ आणि तणाव यांतला फरक दाखवून ठेवतो. पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून वाकलेला कुत्रा खेळायला बोलावतोय. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली, असं दिसलं की तेव्हाच हाक मारून दोघांना दूर न्यायचं. तरी जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही. दोघांमध्ये फळी सरकवायची, पाणी मारायचं.

मुलांसाठी नियम एकच: आधी मालकाला विचार, मग कुत्र्याला. मालक हो म्हणाले तरी बाजूला उभं राहायचं आणि कुत्र्याला जवळ येऊ द्यायचं. तीन सेकंद छातीपाशी खाजवायचं, हात काढायचा. तो पुन्हा सरकून आला तरच पुढे. मुलं हे मोठ्यांपेक्षा फार चटकन शिकतात, आणि मग मोठ्यांना दटावतात.

ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनाही आम्ही आवर्जून बोलावतो. कुणी पाळायच्या विचारात असतं, कुणाला लहानपणापासून भीती असते. आणि काहींचा कुत्रा गेलेला असतो. एका आजोबांनी फोन करून विचारलं, “आता माझ्याकडे कुणी नाही, तरी आलो तर चालेल का?” पाण्याचं टेबल तेव्हापासून आजोबांकडेच आहे. प्रत्येक भांडं दर थोड्या वेळाने धुऊन ताजं पाणी भरायचं, एकाचं उष्टं दुसऱ्याला नाही, यावर त्यांची बारीक नजर असते. सगळ्या कुत्र्यांची नावं त्यांना पाठ आहेत, आणि मालकांचीही. आता लोक एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यात आजोबांचा वाटा मोठा.

मेळाव्यात विक्री करायची नाही, हे बहिणीने ठरवलं आणि मी मान्य केलं. आमचं फक्त एक टेबल असतं. कुठूनही घेतलेला पट्टा आणा, माप तपासून, सैल-घट्ट करून देतो. काखेत घासलेली कातडी, मानेवरचा उडालेला केस, छातीवर आडवा पडून खांदा अडवणारा बंद, हे त्या टेबलावर जितकं दिसतं तितकं दुकानात बसून कधीच दिसलं नसतं. पुढच्या बाजूला इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा पडणारा आमचा आताचा हार्नेस त्यातूनच घडला. गिऱ्हाईकही वाढलं, कारण ज्याने एकदा आपल्या कुत्र्याच्या काखेतली जखम आम्ही दाखवलेली पाहिली तो पुढचा पट्टा दुसरीकडून घेत नाही.

वर्षातला एक मेळावा आम्ही २८ सप्टेंबरच्या आसपास घेतो. तो जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. १८८५मध्ये त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला पहिली लस टोचवली आणि तो वाचला. आजही माणसाला होणाऱ्या रेबीजच्या जवळजवळ सगळ्या घटनांमागे कुत्र्याचा चावा असतो, आणि कुत्र्यांना वेळेवर लस दिली की ही साखळी तुटते. त्या दिवशी पशुवैद्य शेजारच्या आवारात लस टोचतात. टोचून घेतलेल्याने खेळात उतरायचं नाही, सावलीत बसायचं. कुत्र्यांना घाबरणारे शेजारीही त्या दिवशी येतात, प्रश्न विचारतात, आणि लसीची कार्डं स्वतः पाहून जातात.

सध्या तयारी चालू आहे ती फक्त म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेळाव्याची. थंडीचे दिवस धरले आहेत, पण कोवळं ऊन अंगावर येईल अशा वेळी, कारण सांधे सकाळी आखडलेले असतात. पायऱ्या नाहीत, न घसरणाऱ्या चटया अंथरायच्या, ऐकू न येणाऱ्यांसाठी हाताच्या खुणा, आणि एकच खेळ, हुंगण्याचा. मागचे पाय लटपटणाऱ्यांना आधार देऊन उठवता यावं म्हणून कमरेखालून जाणारा, वर मूठ असलेला रुंद पट्टा बहीण शिवते आहे. पहिला नमुना आमच्याच म्हातारीच्या अंगावर घालून पाहिला. पोटाकडची शिवण थोडी आत घ्यायची आहे.