कंपनीचा स्टिरिओ काढला एकदाचा!

आज अख्खा दिवस गाडीत डोकं खुपसून बसलेलो. छोटी गाडी, त्यात कंपनीने दिलेला स्टिरिओ म्हणजे आवाज येतो एवढंच समाधान, जुने स्पीकर काढून हातात घेतले तर कागदाचा कोन आणि मागे चिमुकलं मॅग्नेट, वजनच नाही हो काही! नवीन हेड युनिट (डॅशबोर्डमधला मुख्य प्लेअर) पटकन बसलं कारण कपलरवाला अ‍ॅडाप्टर मिळतो, मूळ वायरिंग कापावंच लागत नाही (कोणी कापायला लागला तर सरळ हात धरा त्याचा). बॉक्सवर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, तो पीकचा म्हणजे क्षणभराचा आकडा, आरएमएस म्हणजे सतत मिळणारी पॉवर बघा, तो बहुतेक वेळा २० च्या आसपासच असतो.

खरं काम दरवाज्यात आहे. साडेसहा इंची स्पीकर, खाली स्पेसर रिंग (स्पीकर थोडा वर उचलणारं कडं), आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं डॅम्पिंग शीटने (कंपन दाबणारी चिकट शीट) बंद केली, कारण स्पीकरच्या मागून निघणारा आवाज त्या भोकांतून पुढे आला की पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस (खालचा घुमणारा आवाज) गायब, मग महागडे स्पीकर लावूनही लोक रडत बसतात. स्पीकरच्या वायरींचं प्लस मायनस पण सगळीकडे सेम पाहिजे, एक जरी स्पीकर उलटा लागला तरी बेस पातळ होतो. सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा मोठा स्पीकर? नको बाबा, डिकीत सामान ठेवायचंय मला. आता उजव्या दरवाज्यात एक क्लिप खडखडतेय, ती उद्या बघतो, आज पाठ गेली पार.