बंद झालेल्या मॉडेलची सायकल घेतली

आज अखेर घेतली. पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची रिकम्बंट सायकल. मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलंय, त्यामुळं घरी एकच प्रश्न, "उद्या काय मोडलं तर?"

म्हणून पैसे द्यायच्या आधी दोन तास तिच्यापाशीच बसलो. वेल्डिंगचा एकेक सांधा चिंधीनं पुसून बघितला, केसाएवढी चीर नाही. चेन मात्र साध्या सायकलीच्या अडीचपट लांब, आणि सीटखाली ती ज्या पुलीवरून जाते तिचे दात झिजून टोकदार झालेले. बोटानं फिरवली तर बेअरिंग खरखरलं. तिथं जरा घाबरलो. पण चेन, गिअर, ब्रेक पॅड सगळं बाजारात मिळतंय. पुढच्या 20 इंची चाकाला लहान मुलांच्या सायकलीचा टायर बसतो. अडचण काय ती पुलीची, आणि त्याला आपलं कोल्हापूरचं कारखान्यांचं उद्यमनगर आहे की! लेथवाल्या काकांनी जुनी पुली हातात घेतली, माप घ्यायला व्हर्निअर लावला आणि म्हणाले, "परवा या."

1933 मध्ये फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोरनं पॅरिसला असल्याच सायकलवर तासात 45 किलोमीटर गाठले. पुढच्याच वर्षी शर्यतींतून ती बाद केली. हा अन्यायच झाला, असं मला मनापासून वाटतं.

पुली काढायच्या आधी रंकाळ्याला एक फेरी मारली. कंबरेमुळं चार वर्षं सायकल सुटली होती. हँडल सीटखाली, त्यामुळं समोर काहीच आडवं नाही, सरळ शालिनी पॅलेस आणि पाणी. कंबर एकदाही दुखली नाही.