साखर नॉर्मल आली, तरीही

"एचआयव्हीचे पेशंट ठरावीक महिन्यांनी क्लिनिकला येतातच ना? मग गरीब देशांत त्यांचा मधुमेह, बीपी इतक्या उशिरा कसा सापडतो?" मी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवर औषधं देणाऱ्या, क्लिनिकमध्ये डॉक्टर आहे, त्यामुळे लोक मला हे नेहमी विचारतात.

येतात, हे खरं. पण ही क्लिनिकं उभी राहिली ती माणसं पटापट जात होती त्या दिवसांत. 2002 मध्ये एड्स, टीबी, मलेरियासाठी पैसा देणारा ग्लोबल फंड आला, 2003 मध्ये अमेरिकेची पेप्फार योजना. पैसा आला तो गोळ्यांसाठी, व्हायरस दाबण्यासाठी. माणसं जगली, पन्नाशी-साठी गाठू लागली. तरी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ही तपासणी, मोफत होते, आणि बीपीचं यंत्र मात्र बिघडलं की तसंच पडून राहतं.

आणि तपासणी झाली तरी ती चकवते. मला जास्त काळजी याचीच वाटते.

एक बाई म्हणाली, रात्रीतून चारदा लघवीला उठते. एचबीएवनसी केली, तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी. 5.8 आली. मधुमेहाची रेषा 6.5 ला. तिला घरी पाठवणारच होते, तेवढ्यात सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, कागदावर लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही दिसला, 112, नेहमीपेक्षा जास्त. वर्षानुवर्षं ती झिडोव्ह्यूडिन हे एचआयव्हीचं औषध घेत होती. त्या औषधाने लाल पेशी मोठ्या होतात आणि एचबीएवनसी खऱ्या साखरेपेक्षा कमी दाखवते. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर पाहिली. 184! 126 पासून पुढे मधुमेह धरतात.

पण दुरून पहाटे निघून रांगेत बसणाऱ्याला "उपाशी या" म्हणणंही सोपं नसतं, हे मला कळतं.

उलटंही घडतं. 2019 पासून जागतिक आरोग्य संघटना एचआयव्हीच्या उपचारात डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाला पहिली पसंती देते. औषध चांगलंच आहे. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम जोखतात, किंचित चढतं, पण किडनी बिघडलेली नसते. क्रिएटिनिन लघवीत सोडणारी एक वाट तेवढी अडते. मात्र त्याच गोळीत बहुधा टेनोफोव्हिर हे एचआयव्हीचं दुसरं औषध असतं, आणि ते किडनीला खरोखर इजा करू शकतं. वाढ कशामुळे, हे ठरवायला निदान लघवीतलं प्रोटीन बघायची पट्टी हाताशी हवी. ती नसली, की कुणाचं चांगलं औषध उगाच बंद होतं, कुणाची किडनी हळूहळू जात राहते.

त्या बाईच्या फायलीवर मी लाल शाईने लिहून ठेवलंय: एचबीएवनसीवर विसंबू नये. पुढच्या वेळी मी नसले तर ते कुणीतरी वाचायला हवं.