रडारवर हिरवा ठिपका, बागेत गारा

मंडळी, गारांची खबर आधी मिळावी म्हणून भोपाळच्या हवामान रडारच्या इमेज सेव्ह करणारी स्क्रिप्ट चालू झाली हे मागच्या वेळी सांगितलंच होतं, काल त्या सगळ्यावर पाणी फिरलं. साडेचारला फैजपूरच्या वर सातपुड्याच्या कडेला जेमतेम ३० डीबीझेडचा (ढगावरून परतलेल्या रडार लहरींची ताकद; ३० म्हणजे साधासा पाऊस) हिरवा ठिपका होता म्हणून मी निवांत, आणि पाचला नानांचा शेतातून फोन, "गारा पडून राहिल्या रे, निम्मी बाग आडवी झाली." कापणीला आलेले केळीचे घड होते.

रात्री वही घेऊन बसलो. भोपाळ इथून सरळ रेषेत २८० किमीच्या आसपास. रडारचा ०.५ अंश वर रोखलेला बीम (किरण) त्या चढामुळे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे आपल्यापर्यंत येताना ७ किमी वर गेलेला असतो आणि रुंदीला ५ किमी पसरलेला, म्हणजे ढगाचा फक्त वरचा भाग दिसतो, तोही आजूबाजूच्या रिकाम्या हवेसकट सरासरी होऊन, गारांचा गाभा खालीच राहतो. मुंबई, नागपूर तर अजून लांब. दोन महिने मी कलर स्केल बदलत बसलो, पण जे बीममध्येच नाही ते इमेजमध्ये येणार कुठून!

मुंबई एफआयआरचं (मुंबईकडून सांभाळलं जाणारं हवाई क्षेत्र) सिगमेट, म्हणजे विमानांसाठीचा खराब हवामानाचा इशारा, होतं, एम्बेडेड टीएस (इतर ढगांत दडलेली गडगडाटी वादळं), टॉप एफएल ४५० (माथा ४५ हजार फुटांवर), पण चौकोनात अर्धा खान्देश. वैमानिकाला तेवढं पुरतं, आपल्याला तालुका लागतो.

मग गच्चीवरच्या एडीएस-बी रिसीव्हरचा (विमानं स्वतःची जागा रेडिओवर सांगत असतात, ती टिपणारा) लॉग उघडला आणि झोपच उडाली. ४:१० पासून मुंबईकडे जाणारी तीन विमानं एकामागोमाग बऱ्हाणपूरच्या अलीकडे डावीकडे वळलेली, मोठा वळसा घालून परत लाइनवर! त्यांच्या नाकातलं एक्स-बँड रडार ढग जवळून बघतं, टिल्ट खाली करून गाभ्यातही बघता येतं. गारांच्या पन्नास मिनिटं आधी माझ्याच गच्चीवर खबर आली होती. टीव्हीच्या आरजी-६ केबलचा घरी केलेला कोलिनिअर (केबलचे तुकडे एका रेषेत जोडलेला) अँटेना सातपुड्यापलीकडची विमानं धरतोय याचा वेगळाच आनंद.

एखादं विमान एटीसीनेही (हवाई वाहतूक नियंत्रण) वळवलेलं असू शकतं, म्हणून तीन ओळीने वळली तरच अलर्ट असं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय की दोन वळणं आणि त्याच जागी दामिनी ॲपवर (विजा कुठे पडतायत ते दाखवणारं) वीज, एवढंही पुरेल, वेळ वाचेल. रडारची स्क्रिप्ट तूर्त बंद.

धुळे-जळगावकडे कोणाचा रिसीव्हर चालू असेल तर कालचा ४ ते ५ चा लॉग द्या भो, वळसा संपतो ती बाजू मला नीट दिसत नाहीये.