काच कोण पुसणार?

सोमवार, रात्री

परीक्षेला अकरा दिवस उरलेत. इंग्रजी उताऱ्यांच्या आकलनाच्या पाचव्या सराव परीक्षेचे पेपर आज तपासून संपवले. पहिल्या वेळी पोरांना वेळ पुरत नव्हता, आता वीस मिनिटं आधीच पेनं खाली. गुण मात्र जिथल्या तिथे. म्हणजे चुका त्याच, फक्त लवकर उरकतायत.

पद्धत सगळ्यांची एकच. प्रश्नातला एक ठळक शब्द उचलायचा, उताऱ्यात हुडकायचा, सापडला की तोच शब्द ज्या पर्यायात दिसेल त्यावर खूण. ही युक्ती माझीच, हेही लिहून ठेवते. 'आधी प्रश्न वाचा, मग उतारा' असं मीच फळ्यावर लिहिलं होतं. कधी, कुठे, कोणी विचारलं असेल तर ती चालतेसुद्धा. पण लेखकाचा सूर कोणता, या वाक्यातून काय सुचवलंय, असं आलं की ती साफ आपटते. पेपर काढणारे बिलंदर असतात. चुकीच्या पर्यायात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे पेरतात आणि बरोबर पर्याय निराळ्याच शब्दांत लिहितात. मीही तेच करते की.

मंगळवार

आजचा तास आयुष्यभर लक्षात राहील. कालचा एक उतारा मी स्वतः लिहिलेला होता, इंग्रजीत, जेमतेम दीडशे शब्दांचा. दीपगृहात दिवा लावणारा एक म्हातारा. आता दिवा यंत्रावर लागतो, तरी हा रोज संध्याकाळी जिना चढतो आणि काचेवर जमलेलं मीठ पुसतो. प्रश्न: तो का चढतो? माझं उत्तर 'क', जुनी सवय सुटत नाही. सव्वीसपैकी नऊ जणांनी 'ब' लिहिलं होतं, काच साफ करायला. मी नऊही ठिकाणी लाल फुली मारली होती आणि आज समजावायला उभी राहिले. 'ब' वरवरचं आहे, वाक्यांच्या मधलं वाचा, वगैरे.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात स्वतःहून चार वाक्यं बोलला नसेल, तो उठला. "मॅडम, यंत्र दिवा लावतं. काच पुसतं असं कुठे लिहिलंय?"

मी उतारा पुन्हा वाचला. नव्हतंच लिहिलं. मीठ जमलं तर उजेड लांब जाणार नाही, मग त्याला चढावंच लागणार. सवयीला उताऱ्यात आधार एका शब्दाचाही नव्हता. ती माझ्या डोक्यात होती, लिहिताना कागदावर उतरलीच नाही. वाक्यांच्या मधलं वाचा म्हणता म्हणता मी वाक्यंच वाचली नव्हती!

नऊ फुल्या खोडल्या. वर्गात जो काही आनंद पसरला, तो मला सहन करावा लागला.

आणखी एक गोष्ट त्याच गडबडीत कळली. दोन मुलींना लाइटहाउस म्हणजे दिव्यांची रोषणाई केलेलं घर वाटलं होतं. त्यांचं इंग्रजी उत्तम, व्याकरणात चूक सापडत नाही, आणि उतारा पूर्ण हुकला. यावरून १९८८चा रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांचा वाचनावरचा प्रयोग आठवला. ६४ शाळकरी मुलांना त्यांनी बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आम्ही मात्र 'आकलन कौशल्य' म्हणून एकच किल्ली सगळ्यांच्या हातात देतो आणि कुठलंही कुलूप उघडेल अशी आशा करतो. इतक्या वर्षांचं अवांतर वाचन अकरा दिवसांत भरून निघणार नाही, हे मला कळतं. वरच्यांना कळत असेल तर ते बोलत नाहीत.

गुरुवार

सहावी सराव परीक्षा रद्द केली. उलटं काम दिलं: उतारा मी देणार, प्रश्न आणि चार पर्याय त्यांनी काढायचे. अट एकच. चुकीचे तीन पर्याय असे हवेत की शेजारचा फसला पाहिजे, आणि ते का चुकीचे हे उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

पहिली दहा मिनिटं नुसता पोरखेळ. एकाने पर्यायात 'लेखकाला भूक लागली होती' लिहिलं. मग हळूहळू आवाज खाली आला. कुणीतरी 'नेहमी' हा शब्द घालून खरं वाक्य खोटं केलं आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन बसलं. एका मुलीने खरं पण प्रश्नाशी संबंध नसलेलं वाक्य टाकलं, त्यात तिचा अख्खा गट अडकला. अर्ध्या तासात तिघी-चौघी एकाच परिच्छेदावर वाकून 'however'च्या आधीचं कुणाचं मत आणि नंतरचं कुणाचं, यावर हमरीतुमरीवर आल्या. पाच सराव परीक्षांत एवढ्या वेळा कुणी एक परिच्छेद वाचला नव्हता.

मागच्या बाकावरच्याचा कागद शेवटी हातात आला. एकच प्रश्न, सुवाच्य अक्षरात. मी 'अ' म्हटलं. त्याने न बोलता तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

'ड' होतं.