दिवा लागतो का?

मार्चअखेरचा आठवडा होता. सकाळी अकराच्या सुमारास पुण्यातल्या आमच्या ऑफिसात फोन वाजला, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेतून. पलीकडे तिथले जुने लेखापाल. सगळी संस्था त्यांना अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो.

"ताई, तुमची किल्ली मेली बघा. अर्धा तास दाबतोय, काही होईना. आज पगाराची फाईल सोडायची आहे. ते जुनं ओटीपीचं चालू करून द्या की, आजच्या दिवसापुरतं."

आमची कंपनी पतसंस्थांना पेमेंटचं पोर्टल पुरवते आणि त्यातल्या किल्लीच्या पडताळणीचा कोड माझा आहे. सिक्युरिटी की म्हणजे यूएसबीत घालायचं अंगठ्याएवढं उपकरण. पासवर्ड टाकून झाला की ती संगणकाला लावायची, तिचा दिवा लुकलुकायला लागला की बोट टेकवायचं. संस्थांना हे पटवायला आम्हाला वर्ष लागलं. ओटीपी फुकट येतो, किल्लीला पैसे पडतात. प्रत्येक बैठकीत मी क्लाउडफ्लेअर या अमेरिकी इंटरनेट कंपनीचं उदाहरण द्यायचे. जुलै २०२२ मध्ये त्यांच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना खोट्या लॉगिन पानाचे एसएमएस गेले. तिघांनी त्या पानावर पासवर्ड टाकलेसुद्धा. तरी चोर आत शिरू शकले नाहीत, कारण सगळ्यांकडे किल्ल्या होत्या. हे ऐकून माणसं मान डोलवायची आणि किल्ली हरवली तर काय, असं विचारायची.

अण्णांचं ऐकल्यावर पहिला संशय मला माझ्याच कोडचा आला. त्याला कारण होतं.

लॉगिनच्या वेळी सर्व्हर ३२ बाइटचा एक यादृच्छिक आकडा पाठवतो. आम्ही त्याला चॅलेंजच म्हणतो. ब्राउझर हा आकडा आणि आपण उघडलेल्या साइटचा पत्ता एका चिठ्ठीत लिहितो. किल्ली स्वतःची ३७ बाइटची माहिती आणि त्या चिठ्ठीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, एकत्र करून त्यावर सही करते. सर्व्हरवर मी ओळीने तपासत जाते. चॅलेंज आपणच दिलेलं आहे का, पत्ता आपलाच आहे का, पहिले ३२ बाइट आपल्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, हॅशशी जुळतात का, आणि शेवटी नोंदणीच्या वेळी ठेवलेल्या पब्लिक कीने, म्हणजे सही ताडून पाहण्यापुरत्या उघड आकड्याने, सही पटते का. त्या ३७ बाइटांतले शेवटचे पाच मला फार आवडतात. अण्णांच्या आदल्या दिवसाच्या लॉगिनचे होते ०१ ०० ०० ०१ ३८. पहिला ०१ म्हणजे माणसाने बोट टेकवलं. पुढचे चार बाइट म्हणजे किल्लीच्या सह्यांचा गणक, सोळाच्या पटीत लिहिलेला; आपल्या नेहमीच्या आकड्यांत इथे ३१२. दर सहीला हा आकडा वाढतो. तो मागच्याएवढाच किंवा कमी आला, तर किल्लीची नक्कल झाल्याची शक्यता धरायची.

या गणकातच दोन आठवड्यांपूर्वी मी चूक केली होती. शेवटचा आकडा किल्लीच्या नावावर न ठेवता माणसाच्या नावावर ठेवला होता. आम्ही प्रत्येकाला दोन किल्ल्या देतो, एक रोजची आणि एक कपाटातली. एका व्यवस्थापक मॅडमनी रोजची किल्ली घरी विसरल्यामुळे कपाटातली लावली. तिचा गणक होता ७, आणि माझ्या तक्त्यात होता दोनशेच्या पुढचा आकडा. सर्व्हरने नक्कल समजून त्यांचं खातं बंद केलं. ग्राहक रांगेत उभे होते आणि मॅडम फोनवर जवळजवळ रडत होत्या. मी त्यांच्या खात्याला किल्लीतून सूट दिली, ओटीपी चालू करून दिला आणि संध्याकाळपर्यंत कोड सुधारला. गणक आता प्रत्येक किल्लीचा वेगळा ठेवला जातो.

म्हणून अण्णांच्या फोनवर मी हातचं काम बाजूला सारलं आणि सूट देण्याचा पडदा उघडला. त्यांचं नाव शोधलं. समोर एकच चौकट होती, तिच्यात खूण केली की काम झालं. ती करण्याआधी सवयीने विचारलं, "अण्णा, किल्लीवरचा दिवा लागतो का?"

"न्हाई ना. तेच तर सांगतोय. दिवाच लागंना."

माझा हात माउसवरून उचलला गेला. गणकाची भानगड असती तर दिवा लागला असता. त्यांनी बोट टेकवलं असतं, सही सर्व्हरपर्यंत आली असती आणि मग माझ्या कोडने ती नाकारली असती. दिवाच लागत नाही म्हणजे गोष्ट किल्लीपर्यंत पोचतच नव्हती. कदाचित यूएसबीचं भोक बिघडलं असेल. मी त्यांना दुसऱ्या भोकात घालायला सांगितलं आणि तेवढ्यात लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला.

अण्णांच्या नावावर त्या अर्ध्या तासात सहा ओळी होत्या. सहाही वेळा पासवर्ड बरोबर, चॅलेंज पाठवलं, उत्तर आलं नाही. आमच्या पानाला एक सोय आहे. ब्राउझरने किल्लीच्या कामात काही अडवलं की त्या चुकीचं नाव पान सर्व्हरला कळवतं. रोज येणारं नाव म्हणजे नॉट-अलाउड एरर. माणसाने वेळेत बोट टेकवलं नाही किंवा खिडकी बंद केली की ते येतं, आणि दिवसाकाठी ते शंभरदा दिसतं. इथे सहाही ओळींपुढे सिक्युरिटी एरर होतं. पोर्टल सुरू झाल्यापासून हे नाव मी आमच्या लॉगमध्ये एकदाही पाहिलं नव्हतं. एखादं पान आपल्या नसलेल्या डोमेनच्या नावाने किल्ली मागतं, तेव्हा ब्राउझर असं म्हणतो. तो किल्लीला हाकच मारत नाही, म्हणून दिवा लागत नाही.

आयपी पत्ता, म्हणजे जोडणी कुठून येतेय त्याचा क्रमांक, पाहिला. अण्णांची संस्था रोज ज्या ब्रॉडबँडवरून येते तो नव्हता. परदेशातल्या कुठल्याशा डेटा सेंटरचा होता.

"अण्णा, आता कशाला हात लावू नका. वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतोय तो मला एकेक अक्षर वाचून दाखवा."

त्यांनी चष्मा नीट केला असावा, कागद सरकल्याचा आवाज आला. मग ते सावकाश वाचू लागले. आमचं नाव बरोबर आलं. त्याच्यापुढे एक आडवी रेघ आली, आणि रेघेपुढे 'सेवा' असा एक शब्द. आमच्या पत्त्यात रेघ नाही आणि सेवाही नाही.

"हे पान कुठून उघडलं?"

"मेल आलता की सकाळी. मार्चअखेरमुळं दुपारच्या आत लाभार्थी यादी तपासून घ्या म्हणून. तुमच्याच नावाचा."

ते खोटं पान मधल्या दलालासारखं काम करत होतं. अण्णा जे टाकतील ते आमच्या सर्व्हरला द्यायचं आणि आमचा सर्व्हर जे देईल ते अण्णांना दाखवायचं. त्यामुळे रंग, बोधचिन्ह, मराठी मजकूर, सगळं हुबेहूब आमचं होतं, आमचंच होतं म्हणा ना. पासवर्ड त्यांच्या हाती गेला होता. ओटीपी असता तर तोही याच वाटेने गेला असता. किल्लीचं मात्र जमेना, कारण पान त्या रेघवाल्या पत्त्यावर होतं आणि मागणी आमच्या नावाने येत होती. त्यांनी मागणीतलं नाव बदललं असतं तरी उपयोग नव्हता. अण्णांची किल्ली आमच्या डोमेनसाठी नोंदलेली आहे, दुसऱ्या नावाला ती आमच्या कामाची सही देत नाही. अर्धा तास त्या किल्लीने अण्णांना दाद दिली नव्हती, आणि मी ती बाजूला करून त्या लोकांना दार उघडून देणार होते. समोर ती चौकट अजून तशीच होती.

पडदा बंद केला. अण्णांचा पासवर्ड रद्द केला. शेजारच्या सहकाऱ्याला तोच आयपी पत्ता सगळ्या संस्थांच्या लॉगमध्ये शोधायला सांगितला. आणखी तीन नावं निघाली. दोघांची गत अण्णांसारखीच होती, पासवर्ड बरोबर आणि पुढे सिक्युरिटी एरर. तिसऱ्या नावापुढे लिहिलेलं होतं, ओटीपी बरोबर, प्रवेश दिला.

त्या व्यवस्थापक मॅडम होत्या. त्यांना दिलेली सूट मी परत घेतलीच नव्हती.

कोड सुधारला त्या संध्याकाळी ती काढायची होती. त्यावर मुदत घालायची सोयच मी केली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं काम आलं. पंधरा दिवस ते खातं नुसत्या ओटीपीवर उघडं होतं. सकाळी १०:४० ला त्यांच्या नावाने तो आयपी पत्ता आत आला, सहा मिनिटांत एक नवा लाभार्थी जोडला गेला आणि त्याच्या नावे सात लाखांचं पेमेंट टाकलं गेलं. आमच्याकडे पेमेंट टाकणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असतो. मंजूर करणारे साहेब त्या वेळी एसटीत होते. तिसऱ्या फोनला त्यांनी उचलला. "ते सात लाखांचं? उतरलो की करतो, थांबा जरा," असं ते म्हणाले. मी त्यांना करू नका एवढंच दोनदा सांगितलं. पुढचं बोलताना माझा आवाज नीट निघत नव्हता.

सत्र तोडलं, पेमेंट रद्द केलं, लाभार्थी काढला. मग मॅडमना फोन करून मी सगळं सांगितलं, सूट माझ्याकडून राहून गेली हेही. त्या बराच वेळ गप्प होत्या. एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवावा लागतो. तो अहवाल मीच लिहायला घेतला. त्यात कारणाच्या रकान्यात सूट देणाऱ्याचं पद आणि तारीख घातली. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी वाचून विचारलं, हे इतकं सविस्तर लागेल का. मी म्हटलं, लागेल.

दुपारी आणखी एक काम केलं. सूट देण्याची ती चौकट आता एकट्याला उघडत नाही, दुसऱ्याची मंजुरी लागते, आणि चार तासांनी सूट आपोआप संपते. चुकीच्या नावांमधलं सिक्युरिटी एरर एकदा जरी आलं तरी आमच्या फोनवर घंटा वाजते.

साडेचारला मॅडमना पुन्हा फोन केला. त्यांची रोजची किल्ली आज लेकीच्या दप्तरात गेली होती. कपाटातली काढा म्हटलं. पत्ता स्वतः टाइप करायला लावला, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. नवा पासवर्ड टाकून झाला.

"दिवा लागतो का?"

"हो. लुकलुकतोय."

"टेकवा बोट."

लॉगमध्ये ओळ आली. पत्ता आमचा, सही बरोबर. शेवटचे पाच बाइट होते ०१ ०० ०० ०० ०८.